मागचा पाटा, पुढची पाचर

दाजी, दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर कावळा लगेच शिवला. पान ठेवून मंडळी मागं सरकतात न सरकतात तोच तो आला. सगळे म्हणाले, माणूस तृप्त होऊन गेला, मागं काही ठेवलं नाही. मी मान हलवली. मनात म्हटलं, यांना काय माहीत! या माणसानं माझ्याशी घातलेला वाद अर्धवट टाकलाय, आणि तो आता मला एकट्यालाच पुरा करायचा आहे. म्हणून आज बसलो आहे. तुम्ही मध्ये तोंड घालणार नाही, एवढी एक सोय या खेपेला आहे.

वाद तसा साधाच. कंपनीच्या त्या लांबलचक परदेशी वॅगनचं पॉवर स्टेअरिंग फाजील हलकं झालं होतं. बोट लावलं तरी गाडी तोंड फिरवायची. मी म्हणत होतो, दोष गाडीत आहे. तुम्ही म्हणत होतात, दोष बसणाऱ्याच्या मनात आहे. ती गाडी मोडीत गेली, तुम्ही रिटायर झालात, माझ्या डोक्यावरचे केस गेले, तरी दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हा विषय निघायचाच. अक्का वैतागून म्हणायची, "आरं, आता तरी ती गाडी माझ्या दारातनं हलवा." आणि आपण दोघं तिच्याकडं दुर्लक्ष करून चकलीचा तुकडा मोडायचो.

आमच्याकडं बहिणीचा नवरा म्हणजे मानाचा माणूस. त्याला टोपी-टॉवेल द्यायचा, पहिल्या पंगतीला बसवायचं, आणि त्यानं चकार शब्द न काढता ते सगळं घ्यायचं. मेहुण्याचे आभार मानायची पद्धतच नाही. तुम्ही ही पद्धत जरा जास्तच मनावर घेतली होती. पण देण्याच्या बाबतीतही तुमचं तोंड तितकंच बंद असायचं, हे मी कबूल करतो. आयटीआय करून मी निघोज्याला घरी माश्या मारत बसलो होतो. एके दिवशी तुम्ही ट्रक दारात उभा केलात आणि म्हणालात, "बस." कुठं, कशाला, काही नाही. पिंपरीच्या कंपनीत वर्कशॉपच्या दारात नेऊन फोरमनपुढं उभं केलंत आणि म्हणालात, "ह्यो माझा मेहुणा. हात चांगला हाय, तोंड जरा जास्त हाय." दोन्ही गोष्टी पुढं खऱ्या ठरल्या.

तुम्ही तेव्हा कंपनीचा मोठा ट्रक चालवायचात. त्या काळात ट्रक चालवणं म्हणजे तालमीत उतरण्यासारखंच होतं. वळण आलं की सीटवरून अर्धे उठून, छातीचा सगळा भार घालून चाक ओढायचं. आपल्या भागातले सगळेच ड्रायव्हर तसे शिकलेले. तुम्हाला त्याचा अभिमान होता. मी एकदा म्हणालो की परदेशात पंप लावून स्टेअरिंग हलकं करतात, तर तुम्ही असे हसलात की चहा सांडला. म्हणालात, "मग गाडी चालवत्यात का पाळणा हालवत्यात?"

त्याच स्टेअरिंगनं तुमचा घात केला. नाशिकच्या रस्त्यावर पुढचं चाक खड्ड्यात आपटलं आणि स्टेअरिंग उलटं फिरून डावा हात त्याच्या आऱ्यांत अडकला. तुम्ही ट्रक घेऊन तसेच परत आलात. घरी सांगितलंत, मुका मार आहे. हाडवैद्यानं तेल लावून, पट्ट्या बांधून पाहिलं. हात खाली चालायचा, तांब्या उचलायचा, पण खांद्याच्या वर जायचा नाही आणि जोर लावला की थरथरायचा. हे मला तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. अक्कानं सांगितलं, भाकरी थापता थापता, आणि लगेच गळ्याची शपथ घातली. "त्यांच्यापाशी बोलू नगंस दत्ता. त्यांना वाटतंय मलाबी ठावं न्हाई."

मी शपथ पाळली. बहिणीची शपथ म्हणून पाळली हे खरंच, पण त्यात भर होती ती गेटची. कंपनीत एखादा ड्रायव्हर नादुरुस्त झाला की त्याला काढत नसत, हे मी कंपनीच्या बाजूनं सांगतो. त्याला गेटवर बसवत. खाकी कपडे, हातात शिट्टी, पगार जवळजवळ तोच. लोक त्यासाठी चिठ्ठ्या आणायचे. तुम्हाला मात्र गेट म्हटलं की तोंडात कडू यायचं. म्हणायचात, "दिसभर दुसऱ्याच्या गाड्या आत सोडायच्या आन् भायेर काढायच्या. त्यापरास मी घरी बसून म्हशी राखीन." तुमच्या गावी, महाळुंग्यात, तुमचं नाव घेताना कुणी आडनाव लावत नसे, सगळे 'डायवर' म्हणत. तो शब्द गेला असता तर तुमचं काय उरलं असतं, ते तुम्हालाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात ती वॅगन रिकामी झाली. कुणी परदेशी साहेब करार संपवून मायदेशी गेला आणि जुनी झालेली ती गाडी कंपनीच्या गळ्यात बांधून गेला. डाव्या बाजूचं स्टेअरिंग, जहाजासारखी लांब, पेट्रोलची राक्षसीण. कुणी ड्रायव्हर तिच्याजवळ जाईना. तुम्ही सगळ्यांच्या आधी अर्ज दिलात. लोक म्हणाले, डायवरला आता साहेबांची हवा लागली. ट्रकवाल्यांनी तुम्हाला 'पाळणेवाले' नाव ठेवलं. तुम्ही ऐकून घेतलंत. आम्हा दोघा भावंडांना तेवढं ठाऊक होतं की पंपाचं स्टेअरिंग असलेली ही सबंध कंपनीतली एकच गाडी आहे, आणि तुमच्या हाताला चालेल अशीही एकच.

चाकणला राहणाऱ्या सुपरवायझरांना पहिल्या शिफ्टला आणायचं काम तुमच्याकडं आलं, त्यामुळं गाडी मुक्कामाला तुमच्याच दारात असायची. गावानं ती आपलीच मानली. म्हशीच्या गोठ्याशेजारी ती उभी राहिली की गोठाही जरा सुधारल्यासारखा दिसायचा. अक्का संध्याकाळी तुळशीपुढं दिवा लावला की उदबत्ती गाडीलाही ओवाळायची. मी हसलो तर म्हणाली, "हस. तिच्या जिवावर चाललंय समदं."

मग तो मोशीच्या पुलावरचा प्रसंग झाला. तुम्ही ट्रान्स्पोर्टच्या साहेबांना चाकणहून परत आणत होतात. गाडीत दोघंच. पुलावर समोरून बैलगाडी आली, तुम्ही गिअर बदलायला उजवा हात काढलात, स्टेअरिंग एकट्या डाव्या हाती राहिलं, आणि गाडी सटकन कठड्याकडं गेली. तुम्ही सावरलीत. खरचटलंसुद्धा नाही. पण साहेब उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

ते साहेब आरडाओरडा करणारे नव्हते, हीच अडचण होती. ओरडणाऱ्याला समजावता येतं. त्यांनी मला बोलावलं आणि शांतपणे म्हणाले, "दत्तोबा, त्या पंपाचा पट्टा काढून टाका. पॉवर नको, काही नको. जड झालं तर होऊ दे, पण जिथं वळवू तिथंच वळायला हवी." हिशेब बरोबर होता. पट्टा काढला की पंप बंद, स्टेअरिंग दगडासारखं जड, गाडी सरळ. आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी गेटवर. मी त्यांच्याकडं आठवडाभराची मुदत मागितली. म्हणालो, "साहेब, पट्टा काढणं म्हणजे डोकेदुखीवर डोकं काढणं. मी दोष काढतो." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "आठवडाभर ही गाडी माणसं घेऊन या पुलावरून जाणारच आहे, हे लक्षात ठेवा."

मी ते लक्षात ठेवलं. आता तुम्ही ऐकू शकत नाही म्हणून सांगतो, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं. आठवड्यात गाडी सरळ झाली नाही, तर शपथ मोडून साहेबांना तुमच्या हाताचं मीच सांगणार होतो. अक्का आयुष्यभर बोलली नसती तरी चाललं असतं. गाडीत माणसं बसत होती. पण मला खात्री होती की तशी वेळ येणार नाही. ही खात्री कुठून आली होती, विचारू नका. तोंड जरा जास्त हाय, हे तुम्हीच सांगून ठेवलं होतं.

पहिला डाव माझा चुकला. मला वाटलं, पंप जास्त जोर देतोय. त्याच्या व्हॉल्व्हमधले वॉशर बदलून दाब कमी केला आणि तुम्हाला म्हणालो, गाडी शेडमध्ये मागं घ्या. जागच्या जागी चाक वळवायचं तर सगळ्यात जास्त जोर लागतो, आणि नेमका तिथलाच जोर मी काढून घेतला होता. तुम्ही चाक ओढलंत. वरच्या ओठावर घाम आला, जबडा आवळला. गाडी शेडमध्ये घातलीत आणि खाली उतरून म्हणालात, "आता ब्येस झालंय." मी पुलापर्यंत चालवून पाहिली, तर वेगात ती होती तेवढीच चंचल. म्हणजे उभ्या गाडीला जड आणि पळत्या गाडीला तशीच, दोन्हीकडून नुकसान. मी गुपचूप जुने वॉशर परत घातले. तुम्ही पुन्हा बसलात आणि म्हणालात, "आता लईच ब्येस." मला हसू आलं, आणि मी परत गाडीखाली शिरलो.

मग मी सगळं तपासलं. बुशा, सांधे, चाकांची हवा, सुतळी ताणून चाकांची रेघ. कुठं बोट ठेवायला जागा नाही. आणि तुम्ही माझ्या डोक्याशी उभे राहून एकच घोकत होतात, "तिला काय झाल्यालं न्हाई. मला रोज सकाळी कुटं तरास देती का? साहेबांच्या मनात भ्या शिरलंय." तुमचं हे बोलणं मला तेव्हा निव्वळ हेका वाटला. पण तुम्ही कितीही हेकट असलात तरी खोटं बोलताना तुमची नजर खाली जायची, आणि हे सांगताना ती सरळ होती. तेव्हा मी ठरवलं, सकाळची गाडी एकदा बघायलाच हवी.

कशासाठी ते न सांगता मी महाळुंग्याला तुमच्याकडं मुक्कामाला आलो आणि सकाळी गाडीजवळ जाऊन उभा राहिलो. आणि मग बघतो तर काय! बांधाबांधावरून कंपनीत पहिल्या शिफ्टला जाणारी माणसं येताहेत. डबे, पिशव्या, मफलर. आमच्या निघोज्याचीही निम्मी आळी हजर. मागच्या बाकावर, बाकांच्या मध्ये, सामानाच्या जागेत उकिडवी, दाटीवाटीनं माणसं बसली. कुणी मला म्हणालं, "दत्ताभाऊ, या की, हितं मांडीवर बसा." चाकणला सुपरवायझर चढले आणि पुढं ऐसपैस बसले, जसं काही मागं कुणीच नाही. तुम्ही आरशातून माझ्याकडं एकदा बघितलंत आणि गाडी सोडलीत. मोशीच्या पुलावर तुम्ही गिअर बदललात. गाडी केसभरही हलली नाही.

तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या सकाळी मी कंपनीत गेलो तो थेट गाडीच्या मागच्या बाजूला खाली शिरलो. मागच्या दोन्ही कमानींत, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या जुडग्यांत, एकेक पाटा जादा. चाकणच्या लोहाराचं काम, घणाचे घाव ओळखू येत होते. आपल्या भागात गाडी घेतली की हार घालायच्या आधी मागं पाटा वाढवतात, म्हणजे कितीही माल भरला तरी गाडी बसत नाही. तुम्हीही तेच केलं होतंत. माणसं भरली की गाडीचं बूड जमिनीला टेकायचं आणि गेटवर चोरी दिसायची, म्हणून पाटा घातला. भरलेली गाडी बरोबर सपाट राहायची. पण रिकामी झाली की तिचं बूड वर आणि नाक खाली.

आणि नाक खाली गेलं की पुढच्या चाकांची बैठक बिघडते. सायकलचं बघा. पुढचा चिमटा किंचित तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल आपोआप सरळ होते. तो चिमटा उभा सरळ करा, मग सायकल दोन्ही हातांनी धरली तरी भिरभिरते. वॅगनचं हेच झालं होतं. रिकाम्या गाडीत चाकांना सरळ होण्याची आठवणच राहत नव्हती, आणि वरून पंप हाताची बारीकशी थरथरही चाकांपर्यंत पोचवत होता. माणसं भरली की सगळं जागच्या जागी. तुम्हीही खरे होतात आणि साहेबही खरे होते. फक्त तुम्हाला तुमची बाजू मांडायची सोय नव्हती. मांडली असती तर मागची सगळी माणसं बाहेर पडली असती.

मी तुम्हाला शेडच्या मागं गाठलं. ते बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"दाजी, मागं पाटा कुणी घातला?"

"कुटला पाटा?"

"चाकणच्या लोहारानं घातलाय तो."

"मग त्येलाच इचार की."

मी म्हणालो, "दोन्ही पाटे काढतो. दुपारपर्यंतचं काम. गाडी रिकामी असो का भरलेली, नीट चालेल. मागं बसेल तेवढी बसेल."

तुम्ही हात पुसायचं फडकं झटकलंत. "काढ की. मी कुटं नगं म्हनतोय? फकस्त उद्या सकाळी कुणाला खाली उतरवू, तेवढं सांगून जा. म्हादबाच्या पोराला उतरवू? बदलीवर हाय त्यो. उशिरा ग्येला की गेटवरनं माघारी. का तुझ्याच आळीच्या त्या पांडूला उतरवू? बोल की."

 मी म्हणालो, "आणि या गाडीचा पंप गेला तर? पट्टा काढा म्हणालेत साहेब. मग कोण चालवणार ती?"

"म्हंजे? मीच चालवनार."

"जड होईल, दाजी."

तुम्ही माझ्याकडं रोखून बघितलंत. "व्हऊ दे की जड. मला काय झालंय?"

तो एक क्षण होता. अक्काची शपथ नसती तर मी बोललो असतो. कदाचित शपथ असतानाही बोललो असतो, पण तुमचे डोळे पाहिले आणि ते माझ्याच्यानं झालं नाही. तुम्ही विचारत नव्हतात, विनवत होतात. मी म्हणालो, "काही नाही. तुम्हाला काय व्हायचंय?" आणि मग दोघंही चहा प्यायला गेलो.

उपाय मला चहा पिता पिताच सुचला. मागचं बूड खाली आणता येत नसेल तर पुढच्या चाकांचीच बैठक मागं कलवायची. पुढचा एक्सल आणि त्याच्यावरची कमान यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालायची, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, म्हणजे सगळा एक्सल किंचित मागं झुकतो आणि चाकांना पुन्हा सरळ होण्याची सवय लागते. पंपाला हात लावायचा नाही, पाट्याला हात लावायचा नाही. पाचरी मी स्वतः घासल्या. जाड घातली तर भरल्या गाडीत चाक ओढायला लागेल, पातळ घातली तर रिकाम्या गाडीत उपयोग नाही. तीनदा घातल्या, तीनदा काढून घासल्या. तुम्ही बाजूला स्टुलावर बसून बिडी ओढत होतात आणि म्हणत होतात, "दत्ता, चंदन उगाळतोयस का?" पण तुम्ही उठून गेला नाहीत. शिफ्ट सुटली तरी बसून राहिलात, आणि बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा उजव्या हातानं पाना धरलात.

ट्रायलला साहेब स्वतः आले. मी मागं बसलो. गाडीत आपण तिघंच, म्हणजे गाडी रिकामीच, परीक्षेला लागते तशी. भोसरी सोडली आणि मोशीचा उतार लागला. पूल आल्यावर साहेब म्हणाले, "इथं गिअर बदला." समोर काहीच नव्हतं, बदलायची गरज नव्हती. तुम्ही उजवा हात काढलात. डावा हात स्टेअरिंगच्या खालच्या कडेवर होता, मांडीला टेकून. मागून मला तुमचा खांदा दिसत होता. गाडी रुळावर घातल्यासारखी सरळ गेली. साहेब म्हणाले, "पुन्हा." तुम्ही पुन्हा बदललात. पूल संपला. मग तुम्हाला काय लहर आली कोण जाणे, डाव्या हाताची बोटंसुद्धा उचललीत, क्षणभरच, आणि गाडी आपली आपण चालत राहिली. असला फुशारकीखोर माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कंपनीत परत आल्यावर साहेब खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, "पट्टा राहू दे. काय झालं होतं?"

मी म्हणालो, "पुढची बाजू बसली होती, साहेब."

ते मागच्या चाकापाशी थांबले. वाकून बघितलं. "किंवा मागची उठली होती," ते म्हणाले. मग तुमच्याकडं बघून म्हणाले, "जपून आणत जा सगळ्यांना." सगळ्यांना, म्हणाले. तुम्ही सलाम केलात, उजव्या हातानं. त्यांना किती कळलं होतं, ते मला आजतागायत ठाऊक नाही. पण त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही आणि सकाळची माणसं गाडी मोडीत निघेपर्यंत येत राहिली.

आता आपला वाद. तुमचं म्हणणं, मी काहीच केलं नाही, दोन लोखंडाचे तुकडे घालून साहेबांची समजूत काढली. वर तक्रार अशी, की माझ्या पाचरीमुळं सकाळी भरलेली गाडी जड चालते. जड चालायची, मान्य आहे, थोडीशी. ती चालायचीच. एकाच पाचरीनं रिकामी आणि भरलेली दोन्ही गाड्या खूश होत नाहीत. योग्य काम पाटा काढण्याचंच होतं, आणि हे मी आजही कुठल्याही वर्कशॉपमध्ये छातीवर हात ठेवून सांगेन. पण तो पाटा काढला असता तर मी चांगला मेकॅनिक ठरलो असतो आणि म्हादबाचा पोरगा गेटवरून परत गेला असता. तेव्हा त्या बाबतीत तुम्ही जिंकलात. घ्या. आयुष्यात एकदा कबूल करतो. स्टेअरिंगच्या बाबतीत मात्र मी जिंकलो, आणि ते तुम्ही कबूल न करताच निघून गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

रागावलो नाही. राग यायचा तिथं दुःख होतं आहे, एवढंच. काल कंपनीत एक नवा ट्रक आला, पॉवर स्टेअरिंगचा. सगळी पोरं त्याच्याभोवती जमली होती. तुम्हाला सांगायला हवं म्हणून मी चक्क रजेचा अर्ज काढायला गेलो, आणि टेबलापाशी पोचल्यावर लक्षात आलं. तसाच मागं फिरलो. कुणी विचारलं तर म्हणालो, पेन विसरलो.

आजारपणात तुम्ही माणूस फार वाईट होतात. डॉक्टरांना शिव्या, औषधाला शिव्या. पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं त्या सकाळी मी आलो. पोरं जीप आणायला गेली होती, अक्का आत भाकरी बांधत होती. तुम्ही बाजेवर बनियनवर बसला होतात. थंडी होती. मी खुंटीवरचा सदरा काढला आणि नेहमीसारखा तुमच्या हातात द्यायला गेलो, कारण तुम्हाला कुणी हात लावलेला चालायचा नाही. तुम्ही तो घेतला नाहीत. डावा हात माझ्यापुढं केलात.

"ह्यो आधी घाल," तुम्ही म्हणालात. "वर जात न्हाई त्यो."

मी सदरा धरून उभा राहिलो. इतक्या वर्षांनी. मी विचारलं, "कधीपासून?"

तुम्ही भिंतीकडं बघत राहिलात. मग नजर खाली नेलीत आणि म्हणालात, "परवापास्नं."

"थंडीनं होतं तसं," मी म्हणालो.

"व्हय. थंडीच आसंल."

मी बाही हळूच वर सरकवली. हात काडीसारखा हलका झाला होता. खांद्यापाशी आल्यावर तुम्ही डोळे मिटलेत आणि सगळा भार माझ्यावर टाकलात. मी उजवी बाही घातली, कॉलर सरळ केली आणि एकेक करून बटणं लावली.